बडग्याची ऑर्डर

पोळ्याच्या बारा दिवस आधी
नरखेडे आला, स्कूटी बंद न करता.
"काका, मागच्या साली भाऊचा बडग्या नव्हता.
लय लागलं भाऊच्या मनाले."

मी कामट्या सोलून राहिलो होतो,
बांबू ओला, सुरी सरकत नव्हती.
तेहतीस वर्षं झाली जागनाथ बुधवारीत बडगे बांधून.
महागाई बांधली, डेंगू बांधला,
गिरणीचं कुलूप बांधलं किल्लीसकट.
ज्याचा बांधला तो महिनाभर तोंड लपवून फिरे.
एकानं तर रात्री येऊन पाय धरले,
म्हणे मिशा तरी काढून टाक.
अपमानाचा ॲडव्हान्स देणारा
हा पहिलाच.

"नाक मोठं करा," नरखेडे म्हणे,
"जीभ लाल, हातभर बाहेर.
खाली ते नाल्यापल्याडचं वाक्य,
अक्षर असं का मोबाईलमध्ये वाचता यावं.
आन् चपला आमच्याकडून."

ते वाक्य कोणाले माहीत नाही?
मे महिना, सेहेचाळीस डिग्री, सक्करदऱ्याची सभा.
गुणवंतभाऊ लांजेवार पाण्यावर बोलून राहिला होता
आन् लोक टोप्यांनी वारा घेऊन राहिले होते.
मधातच थांबला. घाम पुसला.
नाल्याकडे बोट केलं, आन् बोलला.
खुर्च्या हालल्या.
त्या दिवसापासून पाण्यावर
तो बोललाच नाही.

आमच्या गल्लीत वासुदेव हेडाऊ, टेलर.
चार दिवसांचा नळ कोरडा,
बायको गुंड घेऊन टँकरमागं पळते,
आन् हा पोह्यावर तर्री ओतत म्हणते,
"त्याहिले कसं झोंबलं, पाह्यलं का?"
त्याहिले म्हणजे पल्याडच्यांले,
ज्यांचे निम्मे कपडे याच्याच मशीनीवर शिवले जातात.
पल्याड लांजेवारचा पुतळा जळला
का वासुदेव सकाळी सहा वाजता
सगळ्याहिले फोटो पाठवते, वर हसरं तोंड.
पल्याडच्यांलेही आता
त्यांचा एक लांजेवार सापडला म्हणतात.

मी नरखेडेले म्हटलं, नाही बांधत.
पाकीट त्याच्या डिक्कीत परत घातलं.
तो हसला. तेव्हाच समजाले पाह्यजे होतं.

बांधला मी मच्छर.
अकरा फूट. पाय सायकलच्या स्पोकचे,
पोटात लाल कागद, आतून बल्ब.
पाठीवर तीन नावं, बारीक अक्षरात,
वार्डातली पोरं, औंदाच्या तापात गेलेली.
एक नाव लिहिताना नातवानं ब्रश खाली ठेवला.
त्याच्या बाकावर बसे ती.

मारबतीच्या दिवशी काळी निघाली, पिवळी निघाली,
दोघी समोरासमोर आल्या तशी गर्दी
शिट्टी न वाजलेल्या कुकरसारखी.
घेऊन जा गे, घेऊन जा गे, सगळं घेऊन जा.
माह्या मच्छराले लोक मस्त म्हणाले,
आन् लगेच,
"लांजेवारचा कुठी आहे बे औंदा?"

मग तो आला. स्वतः.
हातठेल्यावर उभा,
गळ्यात चपलांची माळ, नव्या कोऱ्या,
काहींवर किमतीचे स्टिकर तसेच.
बर्फगोळ्यानं रंगवलेली जीभ बाहेर.
"जाळा," म्हणे, "जाळा ना मले!"
कोणी जाळा म्हणून ओरडले, कोणी जिंदाबाद.
तो दोन्हीकडे
सारखाच वाकला.

मच्छराची पाठ कोणी वाचली नाही.
संध्याकाळी जळला तेव्हा बल्ब फुटला,
तेवढाच काय तो आवाज.

घरी येता येता नातू म्हणे,
आजोबा, तुम्हीबी काढला ना व्हिडिओ त्याचा?

काढला होता.
दोन मिनिटं, अकरा सेकंद.
या वयातही
हात जरासा हालला नाही माहा.